ओळींचे नंबर न देणारे बोरसे सर

बोरसे सर तक्रार वाचत नसत, तपासत असत. सकाळी अकराच्या सुमारास पोस्टमन कार्डं टाकून गेला की ते चहाचा कप डाव्या हाताला सरकवत, खिशातलं लाल पेन काढत आणि गिऱ्हाइकाच्या पत्रातलं शुद्धलेखन आधी दुरुस्त करत. मग खाली दहापैकी गुण देत. गुजराती पत्रांनाही ही सवलत नव्हती. सरांचं स्वतःचं गुजराती मात्र असं होतं, की खालचा साड्यांच्या घड्या घालणारा दुकानदार त्यांना पाहिलं की घाईघाईने हिंदीत बोलायला लागायचा.

गंमत अशी की ही कार्डं सरांनीच छापून घेतली होती. आम्ही कॉम्प्युटरचा जो प्रोग्रॅम विकायचो, त्याच्या प्रत्येक फ्लॉपीच्या पाकिटात एक जोडकार्ड असायचं, वर तिकीट चिकटवलेलं. त्यावर मराठीत आणि गुजरातीत छापलं होतं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे.' लोक बिचारे खरं मानायचे आणि लिहायचे. आलेली कार्डं तीन फायलींत लावणं हे माझं काम. फायलींवर सरांच्या ठसठशीत अक्षरात नावं होती, 'अज्ञान', 'आळस' आणि 'आगाऊपणा'. चौथी फाईल लागतच नाही, असं ते म्हणत.

आमचं ऑफिस सुरतेत पर्वत पाटियाजवळ पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक फोन आणि आम्ही दोघं. माझं घर मूळचं अमळनेरकडचं. वडील सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले आणि मी इथेच शिकून बी. एस्सी. झाले. मराठी आणि गुजराती पत्रव्यवहार येणारी मुलगी हवी आहे असं कळलं म्हणून मी भेटायला गेले. सरांनी माझी मार्कशीट पाहिलीसुद्धा नाही.

"निकम, तुला टीका सहन होते?"

"हो, सर."

"चांगलं झालं. मला होत नाही. त्यासाठीच माणूस ठेवतोय."

मला वाटलं, विनोद केला. पहिल्याच आठवड्यात कळलं, की सर विनोद करत नसत.

सर धुळ्याकडचे. एका मिलमध्ये बारा वर्षं यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं काम केलं, तो विभाग बंद पडला, तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी लूम घेण्याऐवजी कॉम्प्युटर घेतला. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. दोन वर्षं एकट्याने बसून त्यांनी 'कलम' तयार केलं. कलम म्हणजे एडिटर. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी त्याला प्रोग्रॅम टाइप करायची पाटी समजावं. खरं सांगायचं तर पाटी उत्तम होती. एका फ्लॉपीत मावायची, जुनाट मशीनवरही झटकन उघडायची, आणि वीज गेली तरी शेवटच्या पाच मिनिटांपलीकडचं काही हरवायचं नाही. सुरतेतल्या विजेची सवय असलेल्या माणसानेच ती केली आहे, हे लगेच समजायचं. कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी ती भराभर घेतली. सरांनी वापरपुस्तिकेला सहा पानांची प्रस्तावना लिहिली होती. ती पूर्ण वाचलेली व्यक्ती मला अजून भेटायची आहे. मी स्वतः साडेचार पानांपर्यंत गेले होते.

एवढ्या गुणी पाटीत एक गोष्ट नव्हती. ओळींना नंबर नव्हते.

हे केवढं मोठं दुखणं आहे ते पाटी वापरणाऱ्यालाच कळेल. प्रोग्रॅम चालवला की मशीन सांगणार, त्रेचाळिसाव्या ओळीत चूक आहे. आता त्रेचाळिसावी ओळ कुठली? कलममध्ये ते कळायची सोय नव्हती. वरून खाली बोटाने मोजत यायचं. मध्ये कोणी "चा पीवी छे?" असं विचारलं की पुन्हा एकपासून सुरुवात. भेस्तानला जयंतीभाई नावाच्या भल्या माणसाचा क्लास होता. त्याने दहाही मॉनिटरांच्या काठाला शिंप्याची टेप कापून चिकटवली होती. पण मजकूर वर सरकला की टेप बिचारी होती तिथेच. मग मुलं आधी किती पानं सरकली ते मोजायची, त्याला पानातल्या बावीस ओळींनी गुणायची आणि त्यात टेपवरचा आकडा मिळवायची. आपल्या क्लासमधल्या मुलांचं गणित सुधारलं असं जयंतीभाई मला फोनवर म्हणाला, आणि मग कळवळून म्हणाला, "पण बेन, हवे नंबर आपो ने! छोकराओ गणी गणीने थाकी गया."

मोजून मोजून थकलेल्या त्या पोरांची बाजू मी सरांपुढे मांडली. सरांनी पेन खाली ठेवलं.

"गावात राहणारा माणूस घराचा नंबर विचारतो का?"

"नाही."

"कोण विचारतो?"

"पोस्टमन."

"मग? ज्याला आपला प्रोग्रॅम कळतो, त्याला ओळ तिच्या तोंडावरून ओळखता येते. नंबर दिले की पोरं ओळ वाचत नाहीत, नंबर वाचतात. तुरुंगात माणसाला नंबर देतात, निकम. घरात नाव असतं."

आमच्या गिऱ्हाइकांतले निम्मे लोक पोस्टमनच आहेत, त्यांना फक्त पत्ता शोधून घरी जायचं आहे, हे सरांना सांगायची माझी छाती नव्हती. त्यांच्या रागाला इतिहासही होता. ते ज्या जुन्या भाषेत शिकले तिच्यात प्रत्येक ओळीला हाताने नंबर घालावा लागे, दहा, वीस, तीस असा. मग प्रोग्रॅम चाळिसावरून तीनशेवर उडी मारी, तिथून परत सत्तरवर येई. त्या उड्यांनी एक अख्खी पिढी माकड झाली असं त्यांचं मत होतं. स्वतःची गणना ते त्या पिढीत करत नसत.

जयंतीभाईने याच मागणीचं कार्डही पाठवलं होतं, ते 'आळस' फाईलमध्ये गेलं. गुण तीन. "हस्ताक्षर बरं आहे म्हणून," सर म्हणाले. आणि उत्तर मला लिहावं लागलं, 'आपली सूचना विचाराधीन आहे.' पहिल्या वर्षात मी हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं, की एकदा आईला भाजीबद्दलही तेच उत्तर दिलं.

मग एके दिवशी वानखेडे आले.

वानखेडे अमरावतीकडचे, चाळिशीतले, दारात चपला काढून उभे राहणारे. ते जवळच्याच एका कारखान्यात कार्ड पाडायचं काम करत. जॅकार्डच्या मागावर साडीची नक्षी उमटते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. त्यांच्या शेठने कार्डं पाडायचं मशीन कॉम्प्युटरला जोडून घेतलं होतं, आणि नक्षी टाइप करायला कलम घेतलं होतं. एक ओळ, एक कार्ड. एका नक्षीत चारशे ऐंशी ओळी. हेलपरचे ऑपरेटर व्हायला वानखेड्यांना सहा वर्षं लागली होती.

"सायेब, तीनशे सतराव्या कार्डात फरक करा म्हनून नक्षीच्या मास्तरनं सांगतलं," ते उभ्यानेच म्हणाले. "म्या मोजलं जी. दोनदा मोजलं. पन मधात कोनी तरी हाक मारली, अन् एक ओळ सुटली असंन. तीनशे अठरावी बदलली."

एका ओळीने काय झालं ते त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर पसरलं. जांभळ्या काठाची साडी. काठावर पोपटांची रांग. आणि एकाही पोपटाला चोच नाही. अख्खा लॉट असाच विणला गेला, आणि व्यापाऱ्याने परत पाठवला. शेठने वानखेड्यांना कॉम्प्युटरवरून उठवलं आणि पुन्हा गठ्ठे उचलायला लावलं.

"मले तक्रार नाही करायची जी," ते म्हणाले. "फकस्त एक कागद द्या. तुमच्या कलममंदी नंबर दिसत नाही, म्हनून मोजा लागते, एवढंच लिवा. शेठ कागद मानते. मंग मले वापस बसवंन."

मी सरांकडे पाहिलं. दोन ओळींचं काम होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

सर पोपटांकडे बराच वेळ बघत होते. मला वाटलं, विरघळले. मग ते म्हणाले, "निकम, लिहून घे. गुजरातीत." आणि त्यांनी मजकूर सांगितला. सदर एडिटर पूर्णपणे निर्दोष आहे. शेकडो ठिकाणी तो समाधानकारकपणे चालू आहे. वापरणाऱ्याने एकाग्रतेने काम केल्यास कोणतीही चूक संभवत नाही.

माझी बोटं थांबली. "सर, हे तर त्यांच्या विरुद्ध जातंय."

"खोटं आहे का?"

"नाही, पण..."

"मग टाइप कर."

मी टाइप केलं. सरांची सही घेऊन, शिक्का मारून कागद पाकिटात घातला आणि वानखेड्यांच्या हातात दिला. त्यांना गुजराती बोलता यायचं, वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनी पाकीट कपाळाला लावलं, शर्टाच्या खिशात घातलं, मला "लय उपकार झाले, ताई," म्हणाले आणि गेले. सर पुढचं कार्ड तपासायला लागले. मी नोकरी करत होते, एवढंच माझं म्हणणं तेव्हा होतं. आजही याहून बरं काही सुचलेलं नाही.

चार दिवसांनी ते परत आले. सर बँकेत गेले होते. वानखेडे दारातच थांबले, आत आले नाहीत.

"शेठनं समद्यांसमोर वाचून दाखवला कागद," ते म्हणाले. "ताई, त्यात काय लिवलं हाय ते तुमाले ठाऊक होतं का जी?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. भांडले असते तर बरं झालं असतं. "असू द्या," एवढं म्हणून ते जिना उतरून गेले. त्यांचं काही कार्ड नव्हतं, त्यामुळे त्यांना कुठल्या फाईलमध्ये घालावं हा प्रश्न आला नाही.

पावसाळ्यानंतर सरांना कावीळ झाली. डॉक्टरांनी तीन आठवडे उठायचं नाही म्हणून सांगितलं. ऑफिस माझ्यावर आलं आणि, खोटं कशाला बोलू, ऑफिसची प्रकृती सुधारली. मी तक्रारींना गुण न देता उत्तरं दिली. दुसऱ्या आठवड्यात एका क्लासला कलमची नवी प्रत पाठवायची होती आणि माझ्या कॉम्प्युटरवरची मूळ फ्लॉपी वाचलीच जाईना. सरांच्या मशीनवर प्रत असणारच. त्या मशीनला मी तोवर कधी हात लावला नव्हता. त्यावर त्यांच्या सौभाग्यवतींनी भरतकाम केलेलं झाकण असायचं. मी झाकण काढलं, मशीन सुरू केलं आणि कलम उघडलं, तर सरांनी लिहिलेला कलमचाच प्रोग्रॅम समोर आला.

डाव्या बाजूला, फिकट पिवळ्या अक्षरांत, एकाखाली एक नंबर होते. एक, दोन, तीन, चार. मी खाली खाली सरकत गेले. तीन हजार चारशे बारापर्यंत नंबर होते. आणि त्यात एक खास सोय होती. आकडा टाइप केला की थेट त्या ओळीवर जाता यायचं. अतिशय सुबक काम होतं. सरांनी ते पहिल्या वर्षीच केलं असावं, कारण फाईलवरची तारीख माझ्या नेमणुकीच्या आधीची होती.

मी मशीन बंद केलं. मग झाकण तसंच ठेवून उसाचा रस घेतला आणि डिंडोलीला सरांच्या घरी गेले. ते खाटेवर पडले होते. डोळे हळदीसारखे. मी रसाचा पेला हातात दिला आणि सरळ विचारलं.

"सर, तुमच्या कलममध्ये ओळींना नंबर आहेत."

ते रस पीत राहिले. पेला संपल्यावर म्हणाले, "साडेतीन हजार ओळी आहेत. त्याशिवाय सापडणार कसं?"

"लोकांना कसं सापडतं?"

"लोक एवढं मोठं लिहीत नाहीत."

"वानखेड्यांची चारशे ऐंशी ओळींची नक्षी होती."

यावर ते भिंतीकडे वळले. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलायला लागले. "अगं, सुरुवातीला मी ठरवूनच दिले नाहीत. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. मग काम वाढलं तेव्हा मलाच लागायला लागले. तोवर मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. प्रस्तावनेतसुद्धा लिहिलं आहे." ते पान सहावरचं असणार, कारण मी तिथवर पोचले नव्हते. "आता दिले तर लोक काय म्हणतील? बोरसेला आधी कळलं नव्हतं?"

"म्हणतील, बोरसेला आता कळलं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि रागाच्या वेळी त्यांच्या तोंडी यायची ती अहिराणी आली. "तुले काय समजस? जाय आते. माले पडू दे."

मी उठले. ऑफिसला परत आले आणि सरांच्या मशीनवरून नंबरवालं कलम एका कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतलं. यात मी कोणाची परवानगी घेतली नाही. त्याच संध्याकाळी मी वानखेड्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ते गठ्ठे ठेवून बाहेर आले, तेव्हा फ्लॉपी त्यांच्या हातात दिली.

"याच्यात नंबर आहेत. शेठला दाखवा. आणि कागदात काय लिहिलं आहे म्हणून विचारू नका, कागद नाही."

त्यांनी फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. "सायेबांनी देल्ली?"

"सायेबांनी केली," मी म्हटलं. तेवढं खरं होतं. "पण कोणाला देऊ नका."

"नाही देत जी."

वानखेड्यांनी शब्द पाळला. त्यांनी ती फक्त मेहुण्याला दिली, कारण मेहुणा शेजारच्या कारखान्यात तेच काम करायचा. मेहुण्याने फक्त आपल्या मास्तरला दिली. मास्तरचा मुलगा भेस्तानला जयंतीभाईच्या क्लासला जात होता, आणि जयंतीभाईने मात्र कोणालाही शब्द दिलेला नव्हता. महिनाभरात सुरतेपासून चलथाणपर्यंत जिथे जिथे कलम होतं तिथे तिथे नंबर पोचले. आमच्या अधिकृत आवृत्तीचा प्रसार व्हायला तीन वर्षं लागली होती.

वानखेडे आठवड्याभरात कॉम्प्युटरवर परत बसले. पोपटांना चोची आल्या.

सर बरे होऊन ऑफिसला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं कार्ड आलं. 'नवीन आवृत्ती फार छान. ओळींचे नंबर दिल्याबद्दल आभारी आहोत.' सरांनी लाल पेन काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरची फीत बदलण्यात गुंतले होते. ती फीत चांगली होती, बदलायची गरज नव्हती.

त्यांनी कार्डावर आठ गुण दिले.

दुसऱ्या दिवशी तीन कार्डं आली, त्यानंतर सात. सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं तेज यायला लागलं, की कावीळ पूर्ण उतरली याबद्दल माझी खात्री झाली. पुढच्या सोमवारी त्यांनी मला कपाटातून कोरी फाईल काढायला सांगितली आणि तिच्यावर स्वतः नाव घातलं, 'सुज्ञ'. मला त्यांनी एक शब्दही विचारला नाही. मला वाटलं, सुटले.

मग जयंतीभाईचा फोन आला. त्याला सरांचा सत्कार करायचा होता.

भेस्तानच्या क्लासच्या हॉलमध्ये बाकं भिंतीला लावून सतरंजी अंथरली होती. मागे फळ्यावर रंगीत खडूने 'स्वागत' लिहिलं होतं. मॉनिटरांवरच्या टेपा काढलेल्या होत्या, डिंकाचे डाग तेवढे राहिले होते. जयंतीभाईने शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाला, आजच्या काळात गिऱ्हाइकाचं ऐकणारा माणूस कुठे भेटतो? टाळ्या झाल्या. सर बोलायला उभे राहिले.

"तुम्ही लिहीत होता," सर म्हणाले, "आणि मी वाचत होतो. एकेक कार्ड वाचत होतो. तुम्हाला वाटलं असेल, बोरसे ऐकत नाहीत. पण चांगली गोष्ट घाईने देता येत नाही. गेली तीन वर्षं मी तुमच्या सूचनेवर काम करत होतो."

मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी वानखेडे होते, धुतलेला पांढरा सदरा घालून आलेले. त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. मला म्हणाले, "पाहा ताई, मानूस वाईट नाही. टाइम लागते फकस्त." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मनापासून बोलत होते. मग मीही टाळ्या वाजवल्या.

परतताना आम्ही एकाच रिक्षात बसलो. सरांच्या मांडीवर शाल आणि नारळ होता. उधन्याचा पूल आला.

"तू दिलंस ना?" ते म्हणाले.

"हो."

"माझ्या मशीनवरून."

"हो, सर."

"उद्यापासून येऊ नकोस."

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सर, आत्ता लोकांनी तुम्हाला शाल घातली ती त्याच्यासाठीच ना?"

"त्याच्यासाठीच."

"मग मी चुकले कुठे?"

"चुकली असतीस तर ठेवलं असतं," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. उलट थकलेला होता. "चुकणाऱ्याला मी शिकवू शकतो. तू मला न विचारता माझं काम गावभर वाटलंस, आणि वर बरोबर निघालीस. रोज सकाळी समोर तू बसणार, आणि रोज मला ते दिसणार. बरोबर निघालेल्या माणसाचं मी काय करू, सांग."

पर्वत पाटियाला रिक्षा थांबली. ते उतरले, दोन पावलं गेले आणि परत आले. नारळ माझ्या हातात ठेवला. "घरी ने. आईला सांग, बोरसेंनी दिला." शाल मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवली.

दोन दिवसांनी पोस्टाने माझं प्रमाणपत्र आलं. 'कुमारी निकम यांचे काम चोख आहे. त्या सूचना देतात. घेणाऱ्याने विचार करून घ्यावे.' कापड रंगवायच्या एका कारखान्याला कॉम्प्युटर विभागात माणूस हवा होता. तिथल्या मॅनेजरने ते वाचलं, मोठ्याने हसला आणि मला घेतलं. वर्षभरात तिथे रंगांची कृती दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं. कुठला रंग किती घालायचा, पाणी किती तापवायचं, ते स्क्रीनवर दिसायचं. इकडे विंडोज आलं आणि बाहेरचे तयार एडिटर फुकट मिळायला लागले. कलमचं नाव ऐकू येईनासं झालं.

सर मला एकदाच भेटले, डिंडोलीच्या भाजीबाजारात. वाळले होते. हातात मेथीची जुडी होती आणि तिच्यातली पिवळी पानं भाजीवालीला दाखवून झाली होती.

"काय करतेस तिथे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"लोक तक्रारी करतात?"

"करतात. परवा रंगमास्तर म्हणाले, अक्षरं बारीक आहेत, वाफेत दिसत नाहीत."

"मग?"

"मोठी केली."

"कधी?"

"त्याच दिवशी."

"भांडलीसुद्धा नाहीस?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिलं, की जणू माझ्या घरात चोरी झाली आहे. "मग त्यात तुझं काय राहिलं?" असं म्हणून ते उत्तराची वाट न बघता निघून गेले.

उत्तर मला सुचलं, ते काही आठवड्यांनी. आमचे रंगमास्तर साठीला आलेले, पूर्वी वाफेत पुन्हा पुन्हा चष्मा पुसायचे, आणि तरीही हेलपरला हाक मारून आकडा वाचून घ्यायचे. त्या दिवशी ते हंड्याजवळ उभे होते. स्क्रीन दहा हात लांब होता. त्यांनी नुसती मान वर केली, आकडा पाहिला आणि कोणालाही न विचारता पुन्हा कामाला लागले. अक्षरं कोणी मोठी केली हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी तिथे उभी होते आणि मला फार बरं वाटलं.

हे सरांना सांगायला पाहिजे, असं वाटलं. त्यांना पटलं नसतं. त्यांनी वाद घातला असता, आणि खरं तर त्यांच्याशी वाद घालायला मला आवडलं असतं. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत मी डिंडोलीला जायचं लांबवत राहिले. शेवटी गेले तो बुधवार होता. कारखान्यातून अर्धी रजा घेऊन गेले. घरासमोर चपलांची गर्दी होती, आणि वानखेडे दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात सरांच्या अंत्यदर्शनाला आत कुठून जायचं ते सांगत होते.